चित्राला दाखवलेलं ऊन

वसुधाबाईंचा उन्हावर जेवढा भरवसा होता तेवढा डॉक्टरवरही नव्हता. कोरेगावच्या बाजूला त्यांचं गाव. पावसाळा सरला की घरातलं एकूण एक सामान अंगणात यायचं. गोधड्या, डाळी, लग्नातला शालू, पोराची पुस्तकं, सासऱ्यांची पोथी, सगळं. एका पावसाळ्यात रेडिओ भिजला आणि त्याची वाचा गेली. मालक म्हणाले, "मेला तो. दे फेकून." वसुधाबाईंनी त्याला पाटीत घालून पत्र्यावर ठेवला, वरून पातळ फडकं टाकलं. ऐन दुपारी रेडिओ दोनदा खोकला आणि भुईमुगावरच्या टिक्का रोगाची माहिती सांगायला लागला! मालक उष्ट्या हातानं बाहेर आले बघायला. तेव्हापासून आळीत कुणाचं काही बिघडलं की बाया चेष्टेनं म्हणायच्या, "ठेवा वसुधावहिनींच्या पत्र्यावर."

अशी ही बाई मालक गेल्यावर, साठी ओलांडल्यावर, न्यूझीलंडला लेकाकडं राहायला आली. लेक चारुदत्त, सून मैत्रेयी. दोघंही सकाळची ट्रेन पकडून वेलिंग्टनला कंप्युटरच्या कामावर जायची आणि लोअर हटच्या त्या लाकडी घरात दिवसभर वसुधाबाई एकट्या. हिवाळ्यात तिथल्या काचांना आतून घाम फुटायचा. कपाटामागं काळी बुरशी धरायची.

"मैत्रेयी, ह्या घराला दमा आहे गं," त्या म्हणायच्या.

"आई, इथं सगळ्याच जुन्या घरांना असतो."

"मग ऊन का नाही दाखवत कुणी?"

त्यांनी दाखवलं. सूर्य दिसला की मागच्या डेकवर, त्या लाकडी ओट्यावर, गाद्या, उशा, पापड आणि परसातल्या झाडाच्या लिंबांच्या लोणच्याची बरणी. शेजारच्या गोऱ्या बाईला वाटायचं, ही मंडळी घर बदलायला निघाली.

आता सेतूबाईंची ओळख कशी झाली ती गंमत ऐका. खरं नाव सेत्सुको. पण वसुधाबाईंच्या तोंडात ते नाव दुसऱ्याच दिवशी सेतूबाई झालं आणि तेच राहिलं. पलीकडच्याच घरात एकट्या राहायच्या, वय ऐंशीच्या पुढं, अंगानं वेलदोड्याएवढ्या. २०११च्या डिसेंबरात गल्लीतल्या लोकांनी नाताळचं एकत्र जेवण ठेवलं होतं. समोरची बाई कुंपणावरून ओरडून सांगून गेली, "ब्रिंग अ प्लेट, लव्ह!" लेक-सून परस्पर बाहेरून यायचे होते. वसुधाबाईंनी आपलं स्टीलचं ताट काढलं, कडेला नाव घातलेलं, राखेनं घासल्यासारखं लखलखीत केलं आणि तेवढं घेऊन गेल्या. तिथं बघतात तर प्रत्येकीच्या ताटात काही ना काही भरलेलं. केक, कोंबडी, सॅलड. ह्यांच्या ताटात ह्यांचं स्वतःचं तोंड! इथं 'प्लेट आणा' म्हणजे भरून आणा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. माणसं गालात हसली. वसुधाबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात ही वेलदोड्याएवढी म्हातारी जवळ आली, ताटावर बोट वाजवून म्हणाली, "मी टू. नाइन्टीन फिफ्टी-थ्री."

पुढं महिन्याभरात, हातवाऱ्यांनी आणि पन्नासभर इंग्रजी शब्दांत, सगळी हकिगत उलगडली. लढाई संपल्यावर न्यूझीलंडचे शिपाई जपानात पहाऱ्याला होते. त्यातला डग्लस नावाचा एक शिपाई सेतूबाईंना आवडला. बापानं नाव टाकलं. लग्न करून ती इथं आली, आणि पहिल्याच चर्चच्या जेवणाला सासूनं सांगितलं 'प्लेट आण' म्हणून. पोरीनं घरातली निळ्या काठाची सगळ्यात चांगली बशी धुतली, रेशमी फडक्यात बांधली आणि सगळी संध्याकाळ ती रिकामी बशी छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिली. सासूनं ते तिला मरेपर्यंत ऐकवलं.

"बॅड?" वसुधाबाईंनी विचारलं.

"हीप्स बॅड," सेतूबाई म्हणाल्या, म्हणजे ढीगभर वाईट, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

सेतूबाईंच्या घरात एक गोष्ट मात्र वसुधाबाईंना खटकायची. मधला बोळ कायम अंधारा. खिडकीला जाड पडदा, तोही कधी बाजूला न सारलेला. त्या अंधारात भिंतीवर एक चित्र होतं. दिवा लावल्यावर दिसायचं. चेरीची झाडं फुलांनी वाकलेली, खाली चटया टाकून बायका बसलेल्या, डबे उघडलेले, एक पोर पायातली चप्पल शोधतंय. आणि पुढं एक बाई, पाठमोरी, गुलाबी किमोनो घातलेली. तोंड दिसतच नाही, नुसती मान. हे हातानं काढलेलं नव्हे, ठशांनी छापलेलं. सेतूबाईंनी तळहात आपटून दाखवलं, लाकडात कोरायचं, एकेका रंगाला एकेक ठसा. वसुधाबाईंना लगेच समजलं. छापाची जाजमं अशीच करतात की!

"माय मदर," सेतूबाई त्या पाठमोऱ्या बाईकडं बोट दाखवून म्हणाल्या.

म्हणजे आईचं चित्र नव्हे. बोटीवर चढायच्या दिवशी आई बापाला चोरून बंदरावर आली, हे चित्र गुंडाळून हातात दिलं, आणि रडू दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. बोट सुटली तरी वळली नाही. सेतूबाईंनी आईला शेवटचं पाहिलं ते असं. घरी आईचा फोटो नाही, काही नाही. एवढीच एक गुलाबी पाठ.

सप्टेंबरात, तिकडच्या वसंतात, सेतूबाईंच्या परसातल्या चेरीला बहर आला तेव्हा दोघी झाडाखाली चटई टाकून बसल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, जपानी भाताचे गोळे आणि लिंबाचं लोणचं. फुलं बघत बघत खायचं, एवढंच काम. गावी असतं तर लोक म्हणाले असते, काय येड लागलंय, पण वसुधाबाईंना तो दिवस फार आवडला.

पुढच्या जानेवारीत सेतूबाई प्लमच्या झाडाखाली घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वसुधाबाईच ओरडत धावल्या, समोरच्या बाईनं फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यानंतर आईला काही महिने आपल्याकडं नेल्सनला नेते, असं लेकीनं, जूननं, फोनवर सांगितलं. म्हणजे घर बंद राहणार. स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या सेतूबाईंनी वसुधाबाईंचा हात घट्ट धरला. पांढऱ्या पडल्या होत्या, ओठ थरथरत होते, पण बोलत होत्या चित्राबद्दल.

"हाउस शट. डॅम्प. यू टेक पिक्चर, वासुदा-सान. प्लीज. कीप इट आउट ऑफ द सन. प्रॉमिस?"

वसुधाबाईंनी मान डोलावली. "आउट. सन. यस, यस. प्रॉमिस."

सेतूबाईंनी डोळे मिटले.

आता इंग्रजी जाणणाऱ्याच्या काळजात इथंच धस्स होईल. पण वसुधाबाईंचं इंग्रजी गावच्या शाळेतलं. 'आउट' म्हणजे बाहेर, हे क्रिकेटमुळं शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'सन' म्हणजे ऊन. आणि मधला तो चिमुकला 'ऑफ', त्याच्याकडं कोण बघतो? ओलीत चित्र खराब होईल, तेव्हा बाहेर उन्हात ठेव. किती शहाणी म्हातारी! आपल्यासारखीच! वसुधाबाईंना भरून आलं.

चित्र घरी आलं. पोरं ट्रेनला गेली की वसुधाबाई ते डेकवर न्यायच्या, खुर्चीवर टेकवून ठेवायच्या, शेजारी लोणच्याची बरणी. न्यूझीलंडचं उन्हाळ्यातलं ऊन म्हणजे काय सांगावं! हवा गार आणि ऊन कातडी सोलणारं. सूर्य सरकला की त्या चित्रही सरकवायच्या. सावली पडू द्यायच्या नाहीत. काचेवर माशी बसली तर पदरानं हाकलायच्या. चार वाजता आत आणून आपल्या खोलीत पलंगामागं उभं करून ठेवायच्या. वाण्याकडं सौदा आणायला जाताना डेकच्या फाटकाला कडी घालायच्या. पोटच्या पोराचं एवढं केलं नसेल.

नेल्सनहून सेतूबाईंचा फोन यायचा. आवाज बारीक. "पिक्चर ओके?"

"व्हेरी ओके! एव्हरी डे आय लुक!"

"थँक यू, वासुदा-सान. थँक यू."

उन्हाळा असा गेला. एप्रिलमध्ये वसुधाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि जग धुतल्यासारखं दिसायला लागलं. मैत्रेयीच्या साडीचा मोरपंखी, लिंबांचा पिवळा, समोरच्या डोंगराचा हिरवा, सगळे रंग असे अंगावर यायला लागले. फक्त एक गोष्ट फिकी दिसली. चित्र. फुलं दुधावरच्या सायीसारखी, आणि पाठमोऱ्या बाईचा किमोनो धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखा. वसुधाबाईंनी डोळे चोळायला हात उचलला आणि डॉक्टरांची ताकीद आठवून खाली घेतला. नवे डोळे आहेत, बसतील हळूहळू, असं मनाशी म्हणाल्या.

त्या रविवारी सगळी घरात होती. मैत्रेयी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, हे डोळ्यांचे थेंब खिडकीत उन्हात कोणी ठेवले?"

"मीच. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली ना तशी."

"काय म्हणाली?"

"कीप इट आउट ऑफ द सन. म्हणजे बाहेर, उन्हात."

मैत्रेयी हसत सुटली. चारुदत्त चहा हातात घेऊन आला, त्याला सांगितलं, तोही हसला. "अगं आई, उलटं! 'आउट ऑफ द सन' म्हणजे उन्हापासून लांब! उन्हात अजिबात ठेवायचं नाही! गेलं औषध आता. तुझ्या कोरेगावच्या उन्हाचा इथं काही उपयोग नाही हं."

वसुधाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कानात हसणं येत होतं पण लांबून, विहिरीत बोलल्यासारखं. अंधारा बोळ. जाड पडदा. साठ वर्षं न उघडलेला. आपण दुःखाची खूण समजत होतो, ती चित्राची चादर होती.

"आई? अगं चेष्टा केली. नवीन बाटली आणू, त्यात काय."

"हो," त्या म्हणाल्या. "आणू."

खोलीत गेल्या, दाराला कडी लावली. चौकटीच्या मागचे खिळे उलथन्यानं वर केले आणि चित्र अर्धं बाहेर ओढलं. पुठ्ठ्याच्या कडेखाली जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं बोटभर पट्टी होती. तिच्यात फुलं लालसर गुलाबी, ताजी, आत्ता उमललेली. आणि पट्टी संपली की सरळ रेघेसारखं सगळं मेलेलं. पाठमोरी बाई तर मधोमध होती. तिला कुठलीच कड वाचवू शकली नव्हती.

वसुधाबाई पलंगावर बसून राहिल्या. एका बाईनं आईची उरलेली एवढीच आठवण हातात दिली, आणि आपण ती रोज, नेमानं, माशा हाकलून हाकलून पुसून टाकली.

त्या दिवसापासून त्या बाईच्या जिवाला जे भय लागलं त्याला तोड नाही. फोन वाजला की भांडं हातातून पडायचं. "पिक्चर ओके?" आलं, की "ओके," एवढंच. 'व्हेरी' गळून पडलं होतं. फोन ठेवल्यावर त्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारायच्या. चित्र शालूत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलं होतं, आणि त्या कपाटाला पाठ करून झोपायचीसुद्धा त्यांना भीती वाटायची. घास गिळेना. मैत्रेयी म्हणाली, "आईंना घरची आठवण येतेय." चारुदत्त म्हणाला, "हिवाळा संपला की गावी जाऊन ये." त्यांना नुसतं रडू यायचं. सांगणार काय? सांगितलं की खरं होणार.

एका दुपारी त्यांनी देव्हाऱ्यातलं कुंकू वाटीत कालवलं. काडीला कापूस गुंडाळला. एवढंसं लावलं तर? एकच फूल. मग किमोनो. कोणाला कळतंय? आधी वर्तमानपत्राच्या कडेवर टिपका दिला. तो लालभडक झाला आणि कागदावर पसरत गेला, जखमेवरच्या फडक्यासारखा. वसुधाबाईंनी वाटी तशीच मोरीत उपडी केली. मोरीत कुंकवाचे ओघळ बघून आणखीच घाबरल्या. कुंकू असं सांडायचं असतं का? पाणी ओतत राहिल्या, ओतत राहिल्या.

सगळ्यात वाईट होतं ते चेरीचं झाड. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सेतूबाईंचं परस दिसायचं. हिवाळ्यात झाड नागडं होतं तोवर जरा बरं होतं. सेतूबाईंच्या लेकीनं, जूननं सांगितलं होतं, आई फुलं फुलली की येणारच, तिला कोणी थांबवू शकत नाही. तेव्हा वसुधाबाईंचं सगळं लक्ष त्या फांद्यांकडं. लोक फुलांची वाट बघतात. ह्या देवाला हात जोडायच्या, की ह्या वर्षी झाड फुलू नको देऊ. ऑगस्टात एक दिवस फांदीवर मुगाच्या दाण्याएवढे फुगवटे दिसले. वसुधाबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आणि त्याच ऑगस्टात, शुक्रवारी दुपारी, जमीन हलली.

लहानसहान धक्के तिथं नेहमीचेच. पण हा तसा नव्हता. आधी खालून मालगाडी गेल्यासारखा आवाज, मग घराची फळी न् फळी करकरायला लागली. कपबश्या फुटल्या. चारुदत्तनं शंभर वेळा शिकवलं होतं, आई, टेबलाखाली बस, पाय घट्ट धर, पळू नकोस. वसुधाबाई टेबलाकडं न जाता आपल्या खोलीकडं धावल्या. हलत्या जमिनीवरून, भिंतीला आपटत. कपाट डोलत होतं. त्याच्या तळातून शालूचं गाठोडं ओढलं, छातीशी धरलं आणि तशाच टेबलाखाली येऊन बसल्या. टेबलाचा पाय एका हातात, दुसऱ्यात चित्र. कोयनेच्या भूकंपात त्या शाळकरी पोर होत्या, आईच्या कुशीत दडल्या होत्या. आता त्या दुसऱ्याच कुणाच्या आईला कुशीत घेऊन बसल्या होत्या. वरून डबे पडत होते. "हिला काही होऊ देऊ नको, हिला काही होऊ देऊ नको," एवढंच तोंडात.

हलणं थांबलं तरी त्या बाहेर आल्या नाहीत. मधेच परत बारीक हादरे यायचे. ट्रेन बंद झाल्या होत्या. चारुदत्त आणि मैत्रेयी कुणाच्या तरी गाडीतून, रांगेत अडकत, पार अंधार पडायच्या सुमारास पोचले. बघतात तर आई टेबलाखालीच.

"आई! लागलं का? हे काय धरलंयस?"

तिथंच, टेबलाखाली बसून, वसुधाबाईंनी सगळं सांगितलं. मैत्रेयी शेजारी खाली बसली. चारुदत्तनं शालू उलगडून चित्र बघितलं.

मग म्हणाला, "आई, एक काम कर. भूकंप झालाच आहे. म्हणायचं, भिंतीवरून पडलं, काच फुटली, चित्र फाटलं. आपण टाकून दिलं. अर्ध्या वेलिंग्टनमध्ये आज काचा फुटल्यात. कोण विचारणार आहे?"

"चारू!" मैत्रेयी म्हणाली.

"अगं, तिच्याकडं बघ. बारीक किती झालीय! आणि त्या आजींना तरी खरं ऐकून काय मिळणार? भूकंपावर कुणी रागावत नाही."

वसुधाबाईंना वाटलं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला. केवढं सोपं! जमिनीनंच केलं म्हणायचं. त्या दिवशी बऱ्याच काळानंतर त्यांना भूक लागली. दोन घास जेवल्या. पण आडवं पडल्यावर डोळ्यांपुढं ती पाठमोरी बाई. फाडायचं म्हणजे तिलाही फाडायचं. टाकून दिलं म्हणायचं, तर खरंच टाकायला हवं. फिकी का होईना, आहे तरी. सेतूबाईंना आईपासून दुसऱ्यांदा तोडायचं आपण?

मैत्रेयीनं जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, उन्हानं गेलेला रंग परत येत नाही. झालं, तीही वाट बंद.

सप्टेंबर संपत आला. फुगवट्यांच्या कळ्या झाल्या, कळ्या टपोरल्या, आणि एके सकाळी झाड नखशिखांत गुलाबी होऊन उभं राहिलं. एवढी देखणी आणि एवढी भयानक गोष्ट वसुधाबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. शनिवारी जूनची गाडी दारात लागली.

"मी येतो बरोबर," चारुदत्त म्हणाला.

"नको. तू आलास की तू बोलशील. चूक माझ्या हातून झाली, तिथं माझंच तोंड लागेल."

शालूत बांधलेलं चित्र घेऊन त्या निघाल्या. दोन घरांमधलं अंतर ते केवढं, पण ते संपेना. सेतूबाई चालताना आधाराला घ्यायचा तो वॉकरचा घोडा धरून दारात उभ्या होत्या, आणखी लहान झालेल्या, तोंडभर हसत. "वासुदा-सान!"

वसुधाबाईंनी पाठ केलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं. नुसतं गाठोडं सोडून चित्र टेबलावर ठेवलं.

सेतूबाईंनी चष्मा लावला. वाकल्या. हसू तसंच तोंडावर होतं, निघून जायचं विसरलेलं. मग ते गेलं. त्यांनी एक बोट काचेवर, त्या पाठीवर ठेवलं.

"व्हाय?" अगदी हळू.

"यू से," वसुधाबाईंचा आवाज फुटला, "यू से, कीप आउट... सन. आय पुट आउट. इन सन. एव्हरी डे. आय थिंक, गुड. पिकल अँड पिक्चर, टुगेदर. आय... नो इंग्लिश. सॉरी. टेलिफोन, आय से ओके. नॉट ओके. सॉरी."

सेतूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चित्र उचललं, छातीशी धरलं, आणि मान न उचलता म्हणाल्या, "प्लीज, गो होम."

दार लागलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आता लपवायचं काही नव्हतं तरी भीती गेली नाही, फक्त तिचा चेहरा बदलला. आधी कळेल याची भीती, आता ती म्हातारी आत बसून काय करत असेल याची. बोळातला पडदा तसाच बंद. झाडाखाली चटई नाही. वारा सुटला आणि पाकळ्या उडून वसुधाबाईंच्या डेकवर, थेट त्या खुर्चीवर येऊन पडायला लागल्या. त्या रोज झाडून काढायच्या. दुसऱ्या दिवशी परत.

आठवडा उलटल्यावर, रविवारी दुपारी बेल वाजली. मैत्रेयीनं दार उघडलं आणि आत वळून म्हणाली, "आई... तुमच्याकडं आल्यात."

वसुधाबाई ओल्या हातानं बाहेर आल्या. दारात सेतूबाई. चेहरा लाकडासारखा. वॉकरच्या घोड्याच्या टोपलीत रेशमी फडक्यात बांधलेलं काहीतरी. वसुधाबाईंच्या मनात आलं, चित्रच परत दिलं. हे घे, तूच ठेव आता.

सेतूबाईंनी गाठ सोडली. आत एक बशी होती. निळ्या काठाची, जुनी, स्वच्छ धुतलेली.

रिकामी.

मग वसुधाबाईंच्या पोटातून कुठूनतरी हुंदका वर आला, आणि त्या तशाच आत धावल्या. पुऱ्या कालच्या होत्या. असू देत. बरणीतलं लोणचं वाढलं.

झाडाखाली चटई टाकली. सेतूबाईंना खाली बसता येत नव्हतं, त्यांच्यासाठी खुर्ची. निम्मी फुलं झडली होती. खिडकीचा पडदा बंदच होता, पण बोळाचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवर चित्र दिसत होतं, पुठ्ठ्याची कड काढून टाकलेलं. मधे सगळं फिकं, आणि चहूबाजूंनी बोटभर गुलाबी चौकट.

सेतूबाईंनी लोणच्याची फोड तोंडात घातली, चघळली.

"धिस, इन सन?"

"यस," वसुधाबाई खाली मान घालून म्हणाल्या.

"पिकल, सन गुड. पिक्चर, सन नो गुड."

"यस. यस."

एक पाकळी पुरीवर पडली. वसुधाबाईंनी धीर करून वर बघितलं.

"यू अँग्री?"

"यस," सेतूबाई म्हणाल्या. "हीप्स."

आणि निळ्या काठाची बशी पुढं सरकवली, आणखी वाढ म्हणून.